वऱ्हाडातील राजकीय कार्यकर्ते व लोकवर्गणीदार यांच्या सहभागप्रेरणा

वऱ्हाडातील राजकीय कार्यकर्ते व लोकवर्गणीदार यांच्या सहभागप्रेरणा हा राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासविषय आहे. मोबदल्याची खात्री नसताना माणूस पक्षासाठी, चळवळीसाठी किंवा उमेदवारासाठी आपला वेळ का देतो आणि स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असताना वर्गणी का देतो, हे दोन प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. अमरावती व अकोला हे जिल्हे या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतात. राष्ट्रीय सभा, सत्याग्रह, आंबेडकरी चळवळ, शेतकरी आंदोलन, डावे पक्ष, हिंदुत्ववादी संघटना आणि स्थानिक नेतृत्वाभोवती उभे राहिलेले पक्ष अशा परस्परांहून भिन्न प्रवाहांनी गेल्या सव्वाशे वर्षांत येथे कार्यकर्ते घडवले आणि वर्गणी गोळा केली.

## संज्ञा व व्याप्ती

‘स्वयंसेवक’ आणि ‘कार्यकर्ता’ हे शब्द व्यवहारात सरमिसळीने वापरले जातात. अभ्यासात मात्र त्यांत भेद करणे सोयीचे असते. एखाद्या अधिवेशनापुरते, मोर्चापुरते किंवा निवडणुकीपुरते काम करणारा तो स्वयंसेवक. वर्षभर संघटनेशी बांधलेला, लोकांची कामे घेऊन कचेरीत जाणारा आणि निवडणूक आली की मतदारयादी हातात घेणारा तो कार्यकर्ता. सभेच्या सतरंज्या अंथरण्याउचलण्यापासून मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसण्यापर्यंतची कामे तो करतो. ‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ हा मराठी राजकारणातील रूढ शब्दप्रयोग निष्ठेचा गौरव म्हणून वापरला जातो, तसाच उपेक्षेची तक्रार म्हणूनही.

‘वर्गणी’, ‘देणगी’, ‘निधी’ आणि ‘थैली’ या शब्दांच्याही छटा वेगळ्या आहेत. वर्गणी ही पुष्कळांनी थोडी थोडी देऊन जमवलेली रक्कम असते आणि ती देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे असे मानले जाते. देणगी एका दात्याच्या नावाने ओळखली जाते. थैली नेत्याला जाहीरपणे अर्पण केली जाते. ग्रामीण भागात वर्गणी केवळ पैशांची नसते. ज्वारी, तूर, भाकरी, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, सभेसाठी मोकळे करून दिलेले शेत, मुक्कामासाठी दिलेली ओसरी, या सर्वांचा समावेश अभ्यासकाला लोकवर्गणीत करावा लागतो. केवळ रोख रकमा मोजल्यास भूमिहीन मजूर आणि स्त्रिया यांचा वाटा दिसेनासा होतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### स्वातंत्र्यपूर्व काळ

निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये ब्रिटिशांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती व अकोला येथे वकील, व्यापारी, अडते आणि जिनिंग-प्रेसिंगचे मालक यांचा वर्ग उदयाला आला. भारतीय राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीत भरले. चेट्टूर शंकरन नायर अध्यक्ष होते, तर स्वागताची धुरा अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. अशा अधिवेशनांच्या निमित्ताने प्रतिनिधींची निवास-भोजन व्यवस्था पाहणारे स्थानिक स्वयंसेवक आणि खर्चाचा भार उचलणारे स्थानिक देणगीदार ही जोडी राजकीय जीवनात स्थिर झाली. मात्र या टप्प्यावर देणारे मुख्यतः सुस्थितीतील होते.

लहान रकमेच्या वर्गणीची कल्पना महाराष्ट्रात रुजवण्यात ‘पैसा फंड’ या उपक्रमाचा वाटा मोठा आहे. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या योजनेला लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. रक्कम नगण्य असली तरी देणारा त्या कार्याचा भागीदार होतो, हे सूत्र त्यातून पुढे आले. टिळकांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांतासह वऱ्हाडचाही समावेश होता. त्याच वर्षी साठाव्या वाढदिवशी टिळकांना अर्पण झालेली एक लाख रुपयांची थैली त्यांनी राष्ट्रकार्याला दिली.

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारून सदस्यत्वाची वर्गणी चार आणे ठरवली. त्यामुळे ‘चार आण्याचा सभासद’ ही ओळख खेड्यापर्यंत पोहोचली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि ते पूर्णही झाले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून सुरू झालेला महात्मा गांधींचा हरिजन दौरा वऱ्हाडातूनही गेला. या दौऱ्यात पैशांबरोबर स्त्रियांच्या अंगावरील दागिनेही निधीत स्वीकारले जात आणि मानपत्रांचा व भेटवस्तूंचा लिलाव होई. देण्याची कृती चारचौघांसमोर घडल्याने एकाचे पाहून दुसरा पुढे येई. आजच्या परिभाषेत त्याला सामाजिक प्रेरणा म्हणता येईल.

१९३० च्या सविनय कायदेभंगात वऱ्हाडपुढे एक व्यावहारिक अडचण होती. प्रांताला समुद्रकिनारा नव्हता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असल्याने अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह करण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि अमरावतीचे नाटककार-पत्रकार वीर वामनराव जोशी हे या काळातील प्रमुख नेते होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांमुळे शिस्त व सांघिक काम यांची सवय असलेला तरुणवर्ग तयार झाला. तुरुंगवासाची शक्यता स्पष्ट दिसत असताना माणसे पुढे आली. केवळ लाभाच्या हिशेबाने सहभागाचे स्पष्टीकरण करणाऱ्यांना या घटनेचा विचार करावाच लागतो.

याच सुमारास दोन समांतर परंपरा आकार घेत होत्या. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या या चळवळीला डॉ. पंजाबराव देशमुख यांचा पाठिंबा होता. पापळ (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या पंजाबरावांनी पुढे शेतकऱ्यांचे संघटन केले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी लोकाश्रयावर मोठे जाळे उभारले. दुसऱ्या बाजूला संत गाडगेबाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या दोन महापुरुषांनी लोकांच्या दानातून व श्रमातून धर्मशाळा, ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना अशी कामे उभी केली. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. हे कार्य पक्षीय नव्हते. तथापि पदरमोड करून सार्वजनिक काम करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, असा संस्कार त्याने गावोगाव पोहोचवला. राजकीय सहभागाचे बीज कित्येकदा अराजकीय कार्यात असते, हे येथील इतिहासावरून दिसते.

### स्वातंत्र्योत्तर काळ

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर कार्यकर्त्याच्या कामाचे स्वरूप बदलले. रस्ता, शाळाखोली, विहीर, कर्ज, बदली अशा कामांसाठी नागरिक आणि प्रशासन यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ ही त्याची मुख्य भूमिका झाली. पदाची संधी, संस्थेतील नोकरी, कंत्राट अशा भौतिक प्रेरणांना त्यामुळे वाव मिळाला.

आंबेडकरी चळवळीत मात्र वर्गणीची परंपरा टिकून राहिली. नागपूर येथे १९४२ मध्ये स्थापन झालेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, १९५६ चे धर्मांतर आणि १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष यांमागे अत्यल्प उत्पन्नाच्या माणसांचे पाठबळ होते. अमरावती जिल्ह्यातील रा. सू. गवई हे या प्रवाहातून पुढे आलेले नेते १९९८ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर १९९८ व १९९९ मध्ये निवडून आले. दलितांबरोबर माळी, धनगर, बंजारा आदी समाजांची मोट बांधण्याचा त्यांचा प्रयोग ‘अकोला पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. या प्रवाहात भीमजयंतीची समिती, विहाराची समिती आणि पक्षाची शाखा यांतील माणसे बऱ्याचदा तीच असतात. जयंतीचे पावतीपुस्तक हातात घेऊन घरोघर जाणारा मुलगा पुढे निवडणुकीची पत्रके वाटतो. हे शिक्षण कोणत्याही शिबिराशिवाय होते.

डाव्या पक्षांनी सभासदांच्या उत्पन्नातून नियमित ‘लेव्ही’ घेण्याची पद्धत ठेवली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख १९८९ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांत वर्षातून एकदा ध्वजासमोर ‘गुरुदक्षिणा’ अर्पण करण्याची रीत आहे, तर भारतीय जनता पक्ष ‘समर्पण निधी’ जमवतो. विचार परस्परविरोधी असले तरी या पद्धतींत एक साम्य आहे. देणगी ही उपकार नसून कर्तव्य आहे, असे देणाऱ्याच्या मनावर बिंबवले जाते.

१९८० च्या दशकात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने विदर्भातील कापूस उत्पादकांमध्ये मूळ धरले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती आणि भावाचा प्रश्न थेट शासनाशी जोडला गेला होता. छातीवर लावलेला लाल बिल्ला ही संघटनेच्या पाईकाची ओळख ठरली. भीक नको, घामाचे दाम हवे, या घोषणेत मागणीपेक्षा स्वाभिमान अधिक होता. १९८६ च्या चांदवड अधिवेशनातून शेतकरी महिला आघाडी पुढे आली आणि त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वेच्छेने पत्नीच्या नावे केला. चळवळीसाठी घरातील संपत्तीची मालकी बदलणे हा वर्गणीच्या पलीकडचा सहभाग होय. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे संघटनेने परवानगी नसलेल्या जनुकीय सुधारित कापूस बियाण्याची जाहीर पेरणी करून कायदेभंग केला. दहीहांड्याच्या सत्याग्रहाला त्या वेळी ८९ वर्षे झाली होती.

अलीकडच्या काळात अचलपूर परिसरात बच्चू कडू यांच्या ‘प्रहार’ संघटनेभोवती कार्यकर्त्यांचे जाळे तयार झाले. दिव्यांगांचे प्रश्न आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी हे तिचे ठळक विषय आहेत. जून २०२५ मध्ये कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे कर्जमाफीसाठी उपोषण केले. नेत्याशी असलेले थेट, व्यक्तिगत नाते ही अशा संघटनांतील प्रमुख प्रेरणा असते.

## सैद्धान्तिक चौकट

या विषयावरील आधुनिक चर्चेचा आरंभ बहुधा मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५ मधील ग्रंथापासून केला जातो. आंदोलन यशस्वी झाल्यास वाढीव भाव सर्वांनाच मिळतो. मग एकट्याने कष्ट का घ्यावेत? शहाणा माणूस घरी बसेल आणि फळ मात्र खाईल, असा हा युक्तिवाद आहे. म्हणून लोक सहभागी का होत नाहीत याहून ते सहभागी होतात तरी कसे, हा प्रश्न अधिक अवघड ठरतो.

पीटर क्लार्क व जेम्स विल्सन यांनी १९६१ मध्ये प्रेरणांचे तीन वर्ग मांडले होते.

* भौतिक: पद, नोकरी, कंत्राट, मानधन, अडलेले काम मार्गी लागणे.
* सहवासजन्य: मैत्री, मान, ओळख, एकत्र असण्याचा आनंद.
* उद्दिष्टनिष्ठ: विचार, न्याय, समाजहित, अन्यायाबद्दलची चीड.

सिडनी व्हर्बा, के श्लोझमन व हेन्री ब्रॅडी यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाच्या आधारे असे मांडले की, लोक सहभागी होत नाहीत त्याची कारणे तीन: त्यांना शक्य नसते, त्यांची इच्छा नसते किंवा त्यांना कोणी बोलावलेले नसते. यातील तिसरे कारण ग्रामीण भागात फार महत्त्वाचे आहे. पॅट्रिक सीड व पॉल व्हाइटली यांनी ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सभासदांचा अभ्यास करून लाभ, निष्ठा आणि सामाजिक दबाव यांचा एकत्रित विचार केला. जेम्स अँड्रिओनी यांनी देणाऱ्याला देण्याच्या कृतीतूनच समाधान मिळते, ही कल्पना अर्थशास्त्रात मांडली. स्वयंसेवेच्या मानसशास्त्रात मूल्ये, ज्ञान, सामाजिक संबंध, व्यवसायसंधी, मनाचे संरक्षण आणि आत्मसन्मान अशा सहा हेतूंची मापनश्रेणी गिल क्लॅरी, मार्क स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

भारतात मायरन वीनर यांनी १९६७ मधील ग्रंथात काँग्रेसच्या स्थानिक संघटनेचा अभ्यास केला. त्यांनी निवडलेल्या पाच ठिकाणांत बेळगाव हा सीमाभागातील जिल्हा होता. नागरिकांची कामे करून देणारा मध्यस्थ हे कार्यकर्त्याचे रूप त्यांनी अधोरेखित केले. पुणे विद्यापीठातील प्राध्यापक सिरसीकर यांनी १९६० च्या दशकात मतदारांचा आणि नंतर महाराष्ट्रातील ग्रामीण नेतृत्वाचा अभ्यास केला, तर मेरी कॅरस यांनी १९७२ मधील ग्रंथात जिल्हा परिषदांतील गटबाजीमागे आर्थिक हितसंबंध असल्याचे प्रतिपादन केले. विकसनशील समाज अध्ययन केंद्राचा ‘लोकनीती’ हा उपक्रम निवडणूक सर्वेक्षणांत सभा, प्रचार व देणगी यांतील सहभागाविषयी प्रश्न विचारत आला आहे. मात्र सर्वेक्षणांतून सहभागाचे प्रमाण कळते. त्यामागची गोष्ट कळण्यासाठी माणसापाशी बसावे लागते.

## वऱ्हाडच्या संदर्भातील प्रेरणा

निमंत्रण व नाते. ‘कसे आलात’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या व्यक्तीच्या नावाने सुरू होते: मामा, वर्गमित्र, तालमीतला सोबती, शाळेतले गुरुजी. विचारसरणीची ओळख नंतर होते. त्यामुळे विचार पटला म्हणून माणूस आला की आल्यावर विचार पटला, हा क्रम तपासणे आवश्यक ठरते.

मान. गावात ज्याला नावाने कोणी हाक मारीत नव्हते, त्याला ‘भाऊ’ म्हणून ओळख मिळते. तहसीलदाराच्या दालनात बसायला खुर्ची मिळते. शिक्षित परंतु बेकार तरुणासाठी ही प्राप्ती लहान नसते. पिढ्यान्‌पिढ्या अवमान सोसलेल्या समाजांत तर हीच प्रेरणा न्यायाच्या आकांक्षेशी एकरूप झालेली आढळते. त्यामुळे ‘सहवासजन्य’ आणि ‘उद्दिष्टनिष्ठ’ या कप्प्यांतील रेषा येथे पुसट होते.

शेतीचे संकट. पश्चिम विदर्भ कोरडवाहू कापूस-सोयाबीनचा आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेला प्रदेश आहे. संकटातून दोन विरुद्ध वृत्ती जन्मतात. एक, संघर्षाशिवाय गत्यंतर नाही ही जाणीव. दुसरी, काहीच बदलणार नाही ही विरक्ती. समान परिस्थितीतील दोन शेजाऱ्यांपैकी एक मोर्चात जातो आणि दुसरा दार लावून घेतो. केवळ दारिद्र्याच्या मापाने याचा उलगडा होत नाही.

हंगाम. सहभागाची किंमत ऋतूप्रमाणे बदलते. २०२४ मध्ये अमरावती व अकोला येथे लोकसभेचे मतदान २६ एप्रिलला, म्हणजे शेतीची कामे थंडावलेली असताना, कडक उन्हाळ्यात झाले. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, ऐन कापूसवेचणीच्या दिवसांत झाले. नोव्हेंबरात प्रचाराला दिलेला दिवस हा मजुरीचा बुडालेला दिवस असतो. त्यामुळे दोन निवडणुकांतील स्वयंसेवकांची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

दबाव. सर्वच वर्गणी स्वेच्छेची नसते. वऱ्हाडातील जुन्या कापूस बाजारांत विक्रेत्याच्या रकमेतून ‘धर्मादाय’ म्हणून काही भाग कापून घेण्याची रीत होती. पावतीपुस्तक घेऊन दहा-बारा जण दुकानासमोर उभे राहिले की दुकानदार देतो. त्या देण्याला श्रद्धा म्हणायचे, व्यवहार म्हणायचा की भीती, हे पावतीवरून कळत नाही. वर्गणी आणि खंडणी यांतील अंतर देणाऱ्याच्या ‘नाही’ म्हणण्याच्या मोकळिकीवर ठरते.

## कायदेशीर चौकट

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९ क नुसार २०,००० रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांचा तपशील राजकीय पक्षांना निवडणूक आयोगाला कळवावा लागतो. आयकर कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पक्षाला करसवलत हवी असल्यास २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेता येत नाही. व्यक्तिगत देणगीदाराला जुन्या करप्रणालीत वजावट मिळू शकते; मात्र देणगी रोखीने दिलेली नसावी लागते. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्याने वऱ्हाडातील सामान्य शेतकऱ्याच्या वर्गणीमागे करबचतीचा हेतू संभवत नाही.

२०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांची किमान किंमत १,००० रुपये होती. प्रत्यक्षात रकमेचा मोठा भाग एक कोटी रुपयांच्या रोख्यांतून आला. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली. याच सुमारास प्रमुख पक्षांनी लहान देणगीदारांकडे पुन्हा लक्ष वळवले. भारतीय जनता पक्षाने डिसेंबर २०२१ मध्ये ५ ते १,००० रुपयांच्या सूक्ष्म देणग्यांची मोहीम घेतली. काँग्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये टिळक स्वराज्य फंडाचे स्मरण करून ‘डोनेट फॉर देश’ ही मोहीम सुरू केली. पक्षाच्या स्थापनेला १३८ वर्षे झाल्याने तिच्यात १३८ रुपये व त्याच्या पटीतील रकमा सुचवल्या होत्या.

## संशोधनपद्धती

अमेरिकेत २०० डॉलरांहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे सार्वजनिक होतात आणि ऑनलाइन मध्यस्थ मंचांच्या अहवालांतून त्याहून लहान देणगीदारही दिसतात. तेथील संशोधन बव्हंशी या नोंदींवर उभे आहे. भारतात २०,००० रुपयांखालील देणगीदार सार्वजनिक नोंदींत दिसतच नाही. म्हणजे लोकवर्गणीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला अधिकृत यादीत नेमके लोकच सापडत नाहीत. त्यामुळे पुढील साधनांचा एकत्रित वापर करणे इष्ट ठरते.

१. पावतीपुस्तके व हिशेबवह्या. रक्कम, तारीख व गाव यांवरून वर्गणीचा विस्तार कळतो. एकच मोठी रक्कम आणि शंभर लहान रकमा यांचा अर्थ निराळा असतो.

२. जीवनकथा. कार्यकर्त्याकडून त्याच्या सार्वजनिक आयुष्याचा क्रम ऐकणे. काम सोडून दिलेल्यांच्या मुलाखती विशेष मोलाच्या असतात. टिकलेल्यांनाच विचारल्यास निराशेची बाजू निसटते.

३. तुलनात्मक नमुना. त्याच गावातील, त्याच वयाच्या आणि तितक्याच जमिनीच्या परंतु सहभागी न झालेल्या व्यक्तींशी बोलणे. तुलनेशिवाय प्रेरणेविषयीचा कोणताही निष्कर्ष अपुरा राहतो.

४. सहभागी निरीक्षण. सभा, पदयात्रा, वर्गणीफेरी यांत अभ्यासकाने उपस्थित राहणे. कोण मागतो, कोण आधी देतो, कोणाला नाव पुकारलेले आवडते, हे प्रश्नावलीत येत नाही.

५. अप्रत्यक्ष प्रश्न. मोबदला, दबाव अशा नाजूक बाबींवर थेट विचारल्यास खरे उत्तर मिळणे कठीण. अशा वेळी काही विधानांपैकी किती विधाने लागू पडतात, एवढेच विचारले जाते. कोणती, हे विचारले जात नाही.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. ‘आपल्या सहभागामागील प्रेरणा कोणती?’ असे पुस्तकी मराठीत विचारले की उत्तरही भाषणातलेच येते. ‘पहिल्यांदा कोनं बलावलं?’, ‘त्या दिवशी घरचे काय म्हनले?’ असे वऱ्हाडी बोलीत, प्रसंगाला धरून विचारल्यास उत्तरात माणसे, तारखा व हिशेब येतात. ‘का’ या प्रश्नापेक्षा ‘कसे’ या प्रश्नातून कारणे अधिक स्पष्ट होतात, हा क्षेत्रीय अभ्यासाचा सर्वसाधारण नियम येथेही लागू पडतो.

## मर्यादा व नैतिक प्रश्न

स्वतःविषयी बोलताना माणूस उदात्त हेतू पुढे करतो आणि प्रतिस्पर्ध्याविषयी बोलताना स्वार्थी हेतू. त्यामुळे कथित हेतू व वास्तव हेतू यांत अंतर राहते. शिवाय हेतू काळानुसार बदलतात. चीड आल्याने आलेला तरुण मित्रांमुळे टिकतो आणि पदाच्या अपेक्षेने थांबतो. किंवा कामासाठी आलेला माणूस पुढे विचाराने बांधला जातो. एका भेटीतील उत्तरावरून त्याच्यावर कायमची चिठ्ठी चिकटवणे शास्त्रीय नव्हे.

मोबदल्याचा प्रश्नही सरळ नाही. प्रचाराच्या दिवसांत मिळणारे जेवण, दुचाकीचे इंधन किंवा रोजचे मानधन घेणारा माणूस आपोआप ‘भाडोत्री’ ठरत नाही. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला खर्च मिळाल्याशिवाय स्वयंसेवा परवडत नाही. पूर्णपणे विनामोबदला काम हाच निष्ठेचा निकष मानला, तर राजकारण केवळ सुस्थितांचे उरेल. उलट, मोबदला हेच एकमेव बंधन झाले तर संघटनेची जागा मजुरांचा मुकादम घेतो. यांतील सीमारेषा कोठे आखावी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

गोपनीयतेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. लहान गावात ‘अमुक पक्षाला वर्गणी देणारा’ ही माहिती उघड झाल्यास कर्ज, रोजगार हमीचे काम, घरकुल किंवा शेजारसंबंध यांवर परिणाम होऊ शकतो. केवळ नाव वगळून भागत नाही; गाव, जात, वय व पद एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. मोबाइलवरून दिलेल्या देणगीची नोंद कायम राहते. त्यामुळे मोठ्या देणगीदाराबाबत पारदर्शकता आणि लहान देणगीदाराबाबत संरक्षण अशी दुहेरी कसोटी बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. पक्षांसाठी केले जाणारे सर्वेक्षण आणि ज्ञानासाठी केले जाणारे संशोधन यांतील फरक उत्तरदात्याला आधी सांगणे, हीदेखील संशोधकाची जबाबदारी आहे.

## महत्त्व

पक्षाचा खर्च कोण उचलतो, यावर पक्ष कोणाचे ऐकतो हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. हजारो लहान वर्गणीदारांवर उभ्या असलेल्या संघटनेला गावोगाव हिशेब द्यावा लागतो. मोजक्या मोठ्या देणगीदारांवर चालणाऱ्या संघटनेला ती गरज उरत नाही. कार्यकर्त्यांच्या बाबतीतही हेच लागू पडते. कार्यकर्ता ही नेत्याला खालची खबर पोहोचवणारी वाट असते. ती वाट बंद झाली की जाहिरातीवरचा खर्च वाढतो, आणि त्या खर्चासाठी पुन्हा मोठ्या देणगीदाराकडे जावे लागते. २०२२ पासून महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. कापूस उत्पादकाच्या उत्पन्नाशी या आकड्यांची तुलना केली असता लोकवर्गणीशिवाय सामान्य माणसाला निवडणूक लढवणे किती दुष्कर आहे, हे सहज लक्षात येते.

या दृष्टीने अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुनी पावतीपुस्तके, बिल्ले, पत्रके, सभांच्या नोंदवह्या आणि वृद्ध कार्यकर्त्यांच्या आठवणी ही संशोधनाची मौल्यवान साधने आहेत. यांपैकी बरीच सामग्री खाजगी घरांत असून ती जतन करण्यासाठी स्थानिक महाविद्यालये, ग्रंथालये आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ यांना मोठा वाव आहे. १९८० च्या दशकातील आंदोलनांत तरुण असलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली असल्याने मौखिक इतिहासाच्या नोंदींना विशेष निकड प्राप्त झाली आहे.